बंडूजींनी सोडलेली ओळ

सेलूच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानावरच्या खोलीत ज्योत्स्नाचं कॉम्प्युटर सेंटर होतं. संध्याकाळी सेंटर बंद करून ती जिना उतरायची, निम्म्या पायऱ्यांवरून परत वर जायची आणि कुलूप ओढून पाहायची. पुन्हा उतरायची. रस्त्यावर आली की वर पाहून मनातल्या मनात विचारायची, पंखा बंद केला ना? आणि तिसऱ्यांदा वर. यात तिची घरी, पिपरी मेघेला जाणारी बस आठवड्यातून एकदा तरी चुकायची. नवरा प्रफुल म्हणायचा, "तुले कुलपाच्या कारखान्यात नोकरी पायजे होती." माहेरी तर तिला तपासनीसच म्हणत. भैय्याजींचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, सेलूत भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला दिलेली बादली गळत तर नाही ना, म्हणून ही दहा वर्षांची पोर तिच्यात पाणी भरून बघायची आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं.

अशा बाईच्या हातून जी चूक झाली ती निष्काळजीपणाची होती, असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. चुकीला माणसाच्या स्वभावाशी काही देणंघेणं नसतं. तिला एक फट सापडली की पुरते.

ज्योत्स्ना टाइपिंग शिकली ती त्र्याण्णव साली, बंडूजींकडे. सेलूतल्या दोन पिढ्या बंडूजींच्या हाताखालून गेल्या. त्यांच्या खोलीत अकरा मशीनं, आणि अकरा मशीनं एकदम चालू झाली की खालच्या चहावाल्याला ऑर्डर ऐकू येत नसे. बंडूजींचे नियम थोडे, पण कडक. पाठ ताठ. नजर कागदावर, बोटांवर नाही. आणि कागदाच्या माथ्यावर एक ओळ कोरी सोडायची, मग प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सोडायची. "डोळ्याले इसावा पायजे, पोरी," ते म्हणायचे. "गच्च लिहिलेलं कोणी वाचत नाई."

पुढे ज्योत्स्नानं नागपुरात राहून प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला, लग्न केलं, सेंटर काढलं. बंडूजींची मशीनं एकेक करून भंगारात गेली. तेव्हा गावातल्या आरोग्य मंडळानं त्यांना बोलावून घेतलं. हे मंडळ चालवायचे प्रभाकरराव, रिटायर झालेले कंपाउंडर. मोठा धडपड्या माणूस. आसपासच्या गावांत सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची शिबिरं घ्यायची, बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं, आणि ज्यांच्या रक्तात दोष निघेल त्यांना पत्र पाठवून वर्ध्याच्या दवाखान्यात बोलवायचं, हे त्यांचं काम. बंडूजी मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसून नावं टाइप करायचे. कीबोर्डवर ते अशी बोटं आपटायचे की पाहणाऱ्याला त्या कीबोर्डची कीव यावी.

एका शिबिरात दोनशे-तीनशे नावं. त्यातली दोष असलेली निवडायची, गावाप्रमाणे लावायची आणि वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. हे हातानं करताना प्रभाकररावांच्या नाकी नऊ यायचे. दोन हजार तीन साली ज्योत्स्नानं त्यांना त्यासाठी 'जावा' या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला. फुकट. मन लावून लिहिला, सगळं शास्त्रशुद्ध.

ते शास्त्र ती आपल्या विद्यार्थ्यांना पिठाच्या गिरणीवरून समजवायची. गिरणीवर पाटी असते, 'दळण दळून मिळेल.' आत मशीन विजेवर चालते की डिझेलवर, याच्याशी आपल्याला काय करायचं? आपण पाटी वाचतो आणि डबा ठेवतो. तशी पाटी म्हणजे इंटरफेस. आणि आतली खरी गिरणी म्हणजे क्लास. वाचण्यासाठी तिनं एक पाटी केली होती. तिच्यावर दोनच कामं लिहिलेली. एक, 'ओळ आहे का?' दुसरं, 'पुढची ओळ दे.' या पाटीमागे तिनं दोन गिरण्या बसवल्या. एक खोटी, चाचणीपुरती, जिच्या पोटात तिनं स्वतःच दहा नावं भरून ठेवली होती. दुसरी खरी, फाइल उघडून तिच्यातून एकेक ओळ आणणारी. लिहिण्यासाठीही अशीच पाटी. एक क्लास पडद्यावर लिहायचा, दुसरा फाइलमध्ये. बाकीच्या प्रोग्रॅमला पत्ताच नाही, की आपण कोणाकडून घेतो आणि कोणाला देतो.

खोट्या गिरणीवर तिनं प्रोग्रॅम वीस वेळा चालवून पाहिला. बरोबर. मग खरी जोडली आणि बंडूजींच्या फाइलवर चालवली. तेही बरोबर. प्रभाकररावांनी यादी वहीशी ताडून पाहिली, एक नाव इकडचं तिकडे नाही. त्यांनी पेढे आणले. ज्योत्स्नानं अर्धा पेढा खाल्ला आणि यादी परत एकदा ताडली.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. तिला खुपायची ती बंडूजींची सवय तेवढी. कॉम्प्युटरवरही त्यांची माथ्यावर एक कोरी ओळ, मग नाव, मग कोरी ओळ, मग नाव. "बंडूजी, फाइल दुप्पट लांब होते ना," ती म्हणायची. "कॉम्प्युटरले डोळे नाहीत, त्याले कशाचा इसावा?" बंडूजी नुसते हसायचे आणि एंटर दोनदा दाबायचे.

दोन हजार पाचच्या जानेवारीत बंडूजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली. त्यांच्या जागी गुलाब आली. ज्योत्स्नाचीच विद्यार्थिनी, दोन मुलांची आई, हात स्वच्छ आणि वेगवान. पहिल्या दिवशी ज्योत्स्ना मुद्दाम मंडळात गेली आणि तिला बजावून आली, "कोऱ्या ओळी सोडू नको. नावाखाली नाव घे." गुलाबनं नावाखाली नाव घेतलं.

फेब्रुवारीत सालईहेटीला शिबिर झालं. बोरच्या जंगलाकडचं गाव, बहुतेक घरं गोंडांची. त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून प्रभाकररावांनी ज्योत्स्नालाही नेलं आणि हातात माईक दिला. तिनं सांगितलं, "ज्याले पत्र येईल त्यानं वर्ध्याले यायचं. पत्र नाई आलं, त समजा सगळं बरं आहे." गर्दीतून एक बाई पुढे आली. कडेवर घेण्याच्या वयाची नाही अशी सात वर्षांची पोरगी तिनं कडेवर घेतली होती. भागाबाई नाव. तिनं विचारलं, "नाई आलं त खरंच बरं ना, बाई?" ज्योत्स्ना म्हणाली, हो. बाई दोन पावलं गेली आणि परत आली. "पक्कं ना?" ज्योत्स्नाला तिचं कौतुक वाटलं. ही आपल्यातलीच, दोनदा विचारणारी. "पक्कं," ती म्हणाली. "नावं कॉम्प्युटर काढते, मावशी. त्यात चूक नाई होत."

त्या शिबिरात दोनशे बारा जण तपासले गेले. पत्रं निघाली अकरा. "या खेपेला कमी आहेत," प्रभाकरराव खुशीत म्हणाले. "गाव चांगलं निघालं."

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी ज्योत्स्ना सेंटरमध्ये इंटरफेस शिकवत होती. सहा विद्यार्थी. त्यात हेमराज नावाचे एक प्राथमिक शाळेचे मास्तरही होते, आपल्या पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून शिकणारे. इंटरफेसची खरी मजा कशात, हे तिला दाखवायचं होतं. एकदा लिहिलेला क्लास दुसऱ्या कामाला जसाच्या तसा जोडता येतो. म्हणून तिनं मंडळाच्या प्रोग्रॅममधला फाइल वाचणारा क्लास उचलला, नोटपॅडमध्ये त्या सहा जणांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर तीन नावं आली.

"मॅडम," हेमराज मास्तर म्हणाले, "मी आज गैरहजर आहो काय?" सगळे हसले. ज्योत्स्नाही हसली. मग तिनं पाहिलं, आलेली नावं दुसरं, चौथं आणि सहावं. तिनं पुन्हा चालवलं. दुसरं, चौथं, सहावं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

चूक एवढीशी होती. फाइलमधली ओळ वाचायची म्हणजे ती उचलावीच लागते. एकदा उचलली की फाइल पुढे सरकते, ती ओळ परत मिळत नाही. तिच्या क्लासला 'ओळ आहे का?' असं विचारलं की तो एक ओळ उचलून बघायचा, 'आहे' म्हणायचा आणि ती टाकून द्यायचा. मग 'दे' म्हटलं की त्याच्या पुढची द्यायचा. प्रत्येक वेळी एक टाकलेली, एक दिलेली. खोट्या गिरणीत असलं काही नव्हतंच, ती फक्त मोजून सांगायची. आणि बंडूजींच्या फाइलमध्ये टाकली जायची ती कोरी ओळ. दोन वर्षं तो म्हातारा माणूस नकळत हिच्या चुकीच्या तोंडात कोरी ओळ भरवत राहिला. आणि हिनंच त्या ओळी बंद करवल्या.

"आज इतकंच," ती म्हणाली. विद्यार्थी उतरून गेले. ती खाली आली आणि तडक मंडळाकडे निघाली. कुलूप लावलं की नाही हे तिला आठवत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्यासाठी परत फिरली नाही.

चालताना तिचं मन हिशेब मांडत होतं आणि तिला तो नको होता. फेब्रुवारी ते नोव्हेंबर. नऊ महिने. त्यात एक उन्हाळा, एक पावसाळा. सिकलसेलच्या लेकराला ताप सोसत नाही, पाणी कमी पडलेलं सोसत नाही. शिबिरात हे माईकवरून तिनंच सांगितलं होतं.

मंडळात गुलाब होती, प्रभाकरराव होते. ज्योत्स्नानं सांगितलं. प्रभाकररावांना आधी कळेचना. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गुलाबला रडू आलं. "मी कोऱ्या ओळी सोडल्या असत्या त..." ती म्हणाली. "तुझा काही संबंध नाई," ज्योत्स्ना एवढ्या जोरात म्हणाली की गुलाब दचकली. नशीब एकच की जानेवारीपासून मोठं शिबिर ते एकच झालं होतं. बाकी जे तपासले गेले ते एकेकटे, दवाखान्यातच, आणि त्यांच्यासाठी प्रोग्रॅम चालवावाच लागला नव्हता. सालईहेटीच्या नावांची फ्लॉपी निघाली. क्लासमधली चूक दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. आधी 'आहे का?' साठी उचललेली ओळ जपून ठेवायची आणि 'दे' म्हटल्यावर तीच द्यायची. बस. चार मिनिटांचं काम नऊ महिने राहून गेलं होतं.

यादी आली. अकराऐवजी तेवीस नावं. राहून गेलेल्या बारा जणांपैकी अकरा जणांच्या नावांपुढे दोष सौम्य असल्याची खूण होती. ती माणसं सहसा आजारी पडत नाहीत, त्यांना लग्नाच्या वेळी सल्ला लागतो. एका नावापुढे मात्र खूण पक्क्या आजाराची होती. रीना मंगरू, वय सात, सालईहेटी. आईचं नाव भागाबाई.

ज्योत्स्ना खुर्चीवर बसली. "पक्कं ना?" असं विचारणारा तो चेहरा तिला स्पष्ट दिसत होता.

"उद्याच पत्रं टाकतो," प्रभाकरराव म्हणाले. "आठ दिवसांत पोचतेत. उशीर झाला म्हून लिहू, आणखी काही सांगाची गरज नाई. मंडळावरचा लोकायचा भरोसा उडाला त पुढच्या शिबिराले कोणी बोट देणार नाई, ज्योत्स्नाताई." ते खोटं बोलत नव्हते, भीती खरी होती. तिलाही तीच वाटत होती, आणि वर आणखी एक. पत्र ज्या घरी जाईल तिथे ते घ्यायला रीना असेल का?

"हे एक मी स्वतः नेतो," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी सेलूच्या बायांसारखं 'नेतो', 'जातो' यायचं.

मंडळाची पत्रं छापील असत, फक्त नाव हातानं भरायचं. प्रभाकररावांनी नाव भरून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या बसनं निघाली. प्रफुलनं तिला स्टँडवर सोडलं आणि काही चेष्टा केली नाही, त्यावरूनच तिला कळलं की आपला चेहरा कसा दिसत असेल. सालईहेटीच्या फाट्यावर उतरल्यावर दीड कोस चालायचं होतं. तिनं पर्समधलं पत्र तीन वेळा काढून पाहिलं.

घराला बाहेरून कडी होती. अंगणात एक लहानसा फ्रॉक वाळत होता. तो पाहून तिला हायसं वाटलं. मग वाटलं, आठवण म्हणूनही कोणी धुऊन ठेवत असेल. असले विचार येतात हो माणसाला. शेजारच्या अंगणात तूर निवडणाऱ्या म्हातारीनं हात दाखवला. "वावरात गेली. कापूस येचाले." पोरीबद्दल विचारायचं ज्योत्स्नाच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

वावरात चार बाया ओळीनं कापूस वेचत होत्या. पोटाशी बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. ओळीतली दुसरी बाई म्हणजे भागाबाई. ज्योत्स्नानं तिला लगेच ओळखलं. तिच्या आसपास पोरगी नव्हती.

"मावशी, रीना कुठे आहे?"

भागाबाईनं मान वर केली. कॉम्प्युटरवाली बाई आहे हे तिच्याही ध्यानात आलं. "थे काय, धुऱ्यावर," ती म्हणाली.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बोरीच्या झुडपाशी, भर उन्हात, घोंगडी पांघरून रीना बसली होती. ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला, आणि जवळ जाऊन पोरीला पाहिलं तेव्हा परत वर आला. डोळे पिवळट. हाताची बोटं सुजून गोल झालेली. ती ज्योत्स्नाकडे पाहत होती, पण मान वळवायचाही कंटाळा आल्यासारखी.

मागून भागाबाई आली. "हात दुखतेत म्हंते," तिनं सांगितलं. "पाय दुखतेत म्हंते. शाळेत जात नाई, घरी पाणी भरत नाई. नाटकं करते. दोनदा मारलं म्या तिले."

"मारलं?"

"मंग? पत्र त नाई आलं ना. बरी आहे म्हून त नाई आलं." भागाबाई म्हणाली. "आमच्या घरचे म्हणे, वर्ध्याले दाखवू. म्या म्हटलं, काऊन? त्या बाईनं पक्कं सांगतलं, दोनदा इचारलं म्या."

उशीर झाला एवढंच म्हणून पत्र पुढे करता आलं असतं. प्रभाकररावांनी तोंडात घातलेलं वाक्य तयार होतं. पण ज्योत्स्ना त्या सुजलेल्या बोटांकडे पाहत होती. "पत्र यायले पायजे होतं," ती म्हणाली. "रीनाचं नाव यादीत होतं. माझ्या हातून चूक झाली. कॉम्प्युटरनं नाई, मी केली. ती बरी नाई, मावशी. ती नाटकं करत नव्हती."

ओळीतल्या बाकीच्या बाया वेचता वेचता थांबल्या. आता ही शिव्या देईल, हात उगारेल, अशी ज्योत्स्ना वाट पाहत राहिली, आणि खरं म्हणजे तिला ते हवंच होतं. भागाबाईनं पोटाची ओटी सोडली आणि दुपारपर्यंत वेचलेला कापूस तिथेच जमिनीवर ओतला. मग धुऱ्यावर जाऊन पोरीला घोंगडीसकट कडेवर घेतलं. त्यांच्या गोंडी भाषेत तिनं पोरीला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. ज्योत्स्नाला ते समजलं नाही.

"वर्ध्याची गाडी कितीले आहे?" भागाबाईनं विचारलं.

फाट्यापर्यंत तिनं पोरगी ज्योत्स्नाकडे दिली नाही. रीनाचा बाप मंगरू दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेला होता, त्याला वाटेतल्या एका माणसाबरोबर निरोप ठेवला. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सेलू मागे पडल्यावर भागाबाई पहिल्यांदा तिच्याकडे वळली.

"थे पत्र आणलं का?"

ज्योत्स्नानं काढून दिलं. भागाबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत तिच्या हातात ठेवलं. "वाच."

ज्योत्स्नानं वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, तपासणीची तारीख. मग छापील मजकूर. या आजारात रक्त कमी होते. डोळे पिवळे होतात. हातापायांची बोटे सुजतात व सांध्यांत फार दुखते. अशा मुलास काम सांगू नये, पाणी भरपूर द्यावे, ताप आल्यास ताबडतोब...

"थांब," भागाबाई म्हणाली. "थे हातापायाचं वाच."

"हातापायांची बोटे सुजतात व सांध्यांत फार दुखते."

"परत वाच."

ज्योत्स्नानं परत वाचलं. तिनं एक शब्द गाळला नाही.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर भागाबाईनं मान हलवली. रीना तिच्या खांद्यावर झोपली होती. भागाबाईनं तिचा सुजलेला हात हळूच उचलून आपल्या पदरात घेतला, आणि वर्धा येईपर्यंत ती त्यावर फुंकर घालत राहिली.